तिसरी तार

काकाजी कोणत्याही वस्तूला आधी उलट्या हातानं शिवायचे. नळ असो, दाराची कडी असो, प्रसादाचं ताट असो. डाव्या हाताची मागची बाजू टेकवायची, जरा थांबायचं, मग सरळ हातानं धरायचं. माझ्या दुकानाचं शटर रोज उघडंच असायचं, तरी त्याला तसं शिवल्याशिवाय ते आत पाऊल टाकत नसत. नागपूरच्या महाल भागात आमच्या गल्लीत एक म्हातारी वारली. लोक वाकून पायाला हात लावून जात होते. काकाजींनी तिच्या कपाळाला उलटा हात लावला, बराच वेळ तसेच उभे राहिले आणि मला हळूच म्हणाले, "लाइन गेली गा." बाजूच्या माणसानं असं पाहिलं की मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "काहून ओढतो? खरं तेच सांगितलं ना."

मी चौथीपर्यंत शिकलो. लपवत नाही, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही. ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळायला शिकलो आणि आयुष्यभर अँप्लिफायर बनवून विकले. भजनी मंडळांना दिले, विहारांना दिले, घरी मोठ्या आवाजात गाणं ऐकायची हौस असलेल्यांना दिले. अजूनही इंजिनियर पोरं मोबाइलवर पाहून बोर्ड मागवतात, डब्यात बसवतात आणि मशीन घूं करायला लागली की माझं नाव विचारत येतात. त्यांना सगळी गणितं येतात. घूं कुठून येतो ते येत नाही.

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मशीन चालू केली, गाणं लावलं नाही, तरी स्पीकरमधून एक भुंगा बोलत असतो. तो घरातल्या विजेचा आवाज. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, आणि कुठं तार चुकीची जोडली असेल तर ते हेलकावे गाण्याच्या वाटेनं आत शिरतात. आमच्या धंद्यात हा घूं घालवता आला तर तुम्ही मिस्त्री. नाही आला तर तुम्ही डबे विकता.

काकाजी पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा काउंटरवर एका गिऱ्हाइकाची मशीन घुमत होती. नाव नाही, गाव नाही, सरळ वाकून स्पीकरला कान लावला. मी चहा घेतला, दोन जोड सोल्डर केले, तरी ते तसेच. शेवटी उठले आणि म्हणाले, "याच्या पोटात दोन अर्थिंग भांडून राहिले."

मी म्हटलं, "तुम्ही खोलून पाहिलं का?"

"खोलायचं काय त्यात? एक इकडून ओढते, एक तिकडून. एका घराले एकच जमीन पाहिजे."

मी हसलो. ते गेल्यावर खोललं. पत्र्याला दोन ठिकाणी अर्थिंग जोडलेलं होतं. एक काढलं, घूं गेला. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी तसं काही बोललो नाही. मीही मोठा हट्टी माणूस आहे.

ते गाणं ऐकत नसत, हे सगळ्यात विचित्र. गणपतीच्या, जयंतीच्या कार्यक्रमात ते स्पीकरजवळ जाऊन उभे राहत, पण गाणं सुरू व्हायच्या आधी. गाणाऱ्यानं तोंड उघडलं की निघाले. कधी थांबलेच तर दोन ओळींच्या मधली जागा ऐकायला. ओळ सुरू झाली की मान दुसरीकडे, ओळ संपली की मान स्पीकरकडे. मी म्हटलं, गाणं तर ऐका. म्हणाले, "गाणं त्या माणसाचं आहे. मधात जे आहे थे कोणाचं आहे ते पाहून राहिलो."

मशीन जिवंत आहे का ते पाहायला आम्ही सगळेच गाणं आत नेणाऱ्या तारेच्या टोकाला बोट लावतो. अंगात शिरलेली घरची वीज स्पीकरमधून मोठ्यानं घुमते. लाखो लोकांनी लाखो वेळा केलं असेल. पण काकाजींना त्या घूंवरून माणूस कळायचा. पाठ फिरवून बसायचे आणि कोणी बोट लावलं ते सांगायचे. "हा तू, चप्पल घालून आहेस." "हा तो पानवाला, हात ओले आहेत त्याचे." एकदा मीच पाठ फिरवून बसलो होतो. मागं मशीन घुमली. वळलो तर काकाजी मशीनपासून हातभर लांब बसलेले, दोन्ही हात मांडीवर. तारेचं टोक टेबलावर मोकळं पडलेलं, जवळ कोणी नाही.

"कोणी लावलं?" मी विचारलं.

"ते नको विचारू," म्हणाले, आणि स्विच बंद केला.

मला कारण माहीत आहे. मोकळं टोक हवेतूनही वीज पकडतं, कधी ट्यूबलाइटची, कधी कोणाच्या मोबाइलची. मी गिऱ्हाइकाला दहा वेळा समजावून सांगितलेलं आहे. त्या दिवशी मात्र मी दुकान लवकर बंद केलं.

घरी त्यांनी अंगणात अर्थिंगचा खड्डा खोदून घेतला होता. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, सगळं रीतसर. त्यात रोज सकाळी एक बादली पाणी. मे महिन्यात नळ एक दिवसाआड यायचा तेव्हाही. शेजारची बाई भिंतीवरून बोलायची, "काकाजी, माणसाले प्यायले नाही आन तुम्ही मातीत ओतून राहिले."

"माणूस मागून घेते वं," ते म्हणायचे. "थे मागत नाही."

सदर भागात एका कारकुनाकडं त्यांना मीच नेलं होतं. त्यानं हौसेनं घरी अँप्लिफायर जोडला होता, वायरिंग अगदी नीट, तरी मशीन घुमत होती. मी दोन चकरा मारल्या आणि हरलो. काकाजींनी मशीनकडं पाहिलंसुद्धा नाही. उलटा हात भिंतीवरून फिरवत फिरवत गेले आणि पलंगाच्या डोक्याशी थांबले.

"इथी खोला."

कारकून म्हणाला, "भिंत आहे हो ती. प्लास्टर आहे."

"भिंतीत एक बोर्ड आहे. चालू आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. मग मनात काय आलं कोणास ठाऊक, त्यानं हातोडी आणली. प्लास्टरखाली जुन्या काळातला लाकडी बोर्ड निघाला, आधीच्या मालकानं तसाच बुजवलेला. टेस्टर लावला, दिवा लागला. त्या पलंगावर कारकुनाची मुलगी झोपायची. ती दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "मी सांगत होते ना बाबा, मले इथं कोणी तरी बोलल्यासारखं वाटते." बापानं तिला गप्प केलं. काकाजींनी तिच्या डोक्याला उलटा हात लावला आणि म्हणाले, "आता नाही बोलणार."

आता माझं सांगतो. माझ्या दुकानाची ख्याती होती की माझी मशीन घुमत नाही. कान लावा, शंका असेल तर अर्धा तास लावा. ती ख्याती मी कशी मिळवली ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नसतं. प्लगमध्ये तीन तारा असतात. दोन काम करतात, तिसरी हिरवी तार पेटीचा पत्रा जमिनीला जोडते. पेटीत कधी वीज उतरलीच तर ती माणसात न जाता त्या तारेनं जमिनीत जाते. पण घराघरांतलं अर्थिंग वेडंवाकडं असल्यानं घूं बहुतेक वेळा त्याच तारेनं आत येतो. तो शोधायला दिवस जातो. मी शोधत नव्हतो. प्लग उघडायचा, हिरवी तार कापायची, टोकाला काळी टेप गुंडाळायची, झाकण लावायचं. दिसायला पिना तीनच. घूं गायब. बाजारात अर्धे मिस्त्री हेच करतात. मी एकटाच असतो तर आज बोललोही नसतो.

काकाजींनी ते ऐकलं. पाहिलं नाही, ऐकलं. विकायला ठेवलेल्या नव्या मशीनजवळ गेले, कान लावला आणि एकदम मागं झाले, जसं कोणी आतून फुंकर मारली.

"याच्यात कोणी नाही," म्हणाले.

"म्हणजे?"

"तिसरी कापली तू."

मी म्हटलं, "घूं गेला ना? गिऱ्हाइक खूश, मी खूश."

"गेला कुठी? सांग ना, कुठी गेला? पेटीतच आहे. तोंड दाबून बसला."

मी म्हटलं, तुमच्यासारखं रिकामं बसून ऐकायला मला वेळ नाही, मला मशीन विकायच्या आहेत. मला आठवतं, मी आणखीही बोललो होतो. ते एवढंच म्हणाले, "घरी ये माह्या. दुपारी ये."

मी गेलो. का गेलो सांगता येत नाही. नागपूरच्या मे महिन्याची दुपार म्हणजे गल्लीत कुत्रंही नाही, खिडक्यांना कापडं लावलेली, सगळ्या घरांतून कूलरचा घरघराट आणि माणसाचा आवाज नाही. त्यांच्या खोलीत पेटी नसलेला एक मोठा स्पीकर खिळ्याला टांगलेला होता. त्याला एक जुनी मशीन जोडलेली. काही लावलेलं नाही, नुसता घूं. मोठा, जाड, छातीत बसणारा. बंद कधी करत नाही म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते सावनेरकडं एका कोळशाच्या खाणीत तारमिस्त्री होते. खाली पाणी उपसायचा पंप होता. त्याला सुरक्षेची जोडणी होती, जरा वीज गळली की पंप बंद. तो सारखा बंद पडायचा, पाणी भरायचं, वरून शिव्या यायच्या. एक दिवस ह्यांनी ती जोडणी काढून टाकली. पंप छान चालायला लागला. चार दिवसांनी ह्यांच्याच जोडीदारानं, एकाच गावाहून आलेले दोघं, पंपाला हात लावला.

"तळहातानं," काकाजी म्हणाले. "तळहात लागला का मूठ वळते. सुटत नाही. उलट्या हातानं लावला असता तर झटक्यानं मागं फेकला असता. मी समोर होतो. तो ओरडला नाही गा. त्याच्या दातांतून घूं आला. हाच."

त्यांनी स्पीकरकडं बोट केलं.

मी म्हटलं, "काकाजी, विजेचा घूं सगळीकडं सारखाच."

"सारखा नसते. थांब."

आम्ही बसलो. काही वेळानं ते म्हणाले, "आता." आणि त्यांच्या म्हणण्यानंतर, आधी नाही, घूं बारीक झाला. थरथरला. ओढून ओढून खाली गेला, जसा कोणाचा श्वास संपत आलाय, आणि तिथं थांबला. खोलीत कूलर नव्हता, तरी माझ्या पाठीवरचा घाम गार पडला. मग हळूहळू पुन्हा भरला.

"हात सुटला," ते म्हणाले. "रोज या टायमाले सुटते."

दुपारी सगळ्या गल्लीचे कूलर लागतात, विजेचा दाब खाली जातो, घूं बदलतो. हे मी त्यांना सांगितलं. ते हो म्हणाले. म्हणाले, "हाव, दाब खाली जाते. मलेही माहीत आहे."

"मग तो काय म्हणतो तुम्हाला?" मी चेष्टेनंच विचारलं.

"नाव विचारते. तार कोणी काढली."

"आणि तुम्ही सांगता?"

"रोज सांगतो. माहं आहे ते सांगतो." माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुह्या किती पेट्या गेल्या आजपावतो?"

मी उठलो, चप्पल घातली आणि घरी आलो. तारा जोडल्या नाहीत. उलट त्या आठवड्यात आणखी दोन मशीन तशाच कापून विकल्या. भीती वाटली म्हणून आपण चुकीचे होतो असं म्हणणारा मी माणूस नाही.

त्याच उन्हाळ्यात एका बाईंचा फोन आला. महालातच राहणाऱ्या, घरी बायकांचं भजन मंडळ चालवायच्या. माझी मशीन त्यांच्याकडं दोन वर्षं होती.

"भाऊ, तुमचे एक म्हातारे आमच्या घरी येऊन बसले. उठतच नाहीत. या बरं लवकर."

मी गेलो तर सहा-सात बायका भिंतीला लागून उभ्या, टाळ खाली ठेवलेले. फरशी कूलरच्या पाण्यानं ओली. कूलर आणि माझी मशीन यांच्या मधे काकाजी लाकडी पाटावर बसलेले, डावा हात उलटा मशीनवर ठेवलेला. रस्त्यानं जात होते म्हणे. भजनाच्या दोन ओळींच्या मधे त्यांना काहीच ऐकू आलं नाही, म्हणून आत आले.

"काकाजी, उठा. लोकांचं घर आहे."

"बाईले विचार, माइक हातात घेतल्यावर काय होते."

बाई म्हणाल्या, "काही नाही हो. मुंग्या येतात जराशा. माइक ओठाले लागला तर जास्त. आता सवय झाली."

"आन आज?"

"आज माइक हातात होता आणि दुसरा हात कूलरले लागला. झटका बसला. माइक पडला हातातून. मी म्हटलं कूलरच खराब झाला."

"कूलर बरोबर आहे," काकाजी म्हणाले. "त्याची जमीन बरोबर आहे. म्हणूनच घूं तिकडं धावून राहिला. ह्या पेटीतून, तुह्यातून, तिकडं."

एक बाई म्हणाली, "मग आम्ही प्लग काढतो म्हणतो तर हे काढू देत नाहीत. हात लावाल तर याद राखा म्हणतात."

"काढला असता तर ह्याले कसं कळलं असतं," काकाजी म्हणाले, आणि मला म्हणाले, "लाव हात."

मी हात पुढं केला. त्यांनी उजव्या हातानं माझ्या मनगटावर फटका मारला. "उलटा."

मी चप्पल बाहेर काढून आलो होतो. पाय ओल्या फरशीवर. हाताची मागची बाजू पेटीला टेकवली. कातडीखालून काहीतरी चालत गेलं, कोपरापर्यंत. मशीन एकदम गप्प होती आणि माझ्या हाडात घूं वाजत होता. मी तो ओळखला. त्यांच्या खोलीत जो ऐकला तोच. असं मी म्हणतो, तुम्ही काहीही म्हणा.

मी हात मागं घेतला. मग मी भिंतीपाशी जाऊन बटन बंद केलं, प्लग काढला आणि पेटी उघडली. आतला ट्रान्सफॉर्मर माझ्या हातचा होता. दोन उन्हाळे कूलरची ओल खाऊन आतला कागद काळा पडला होता, बोट लावलं की चुरा. तिथून वीज पत्र्यात उतरत होती. नागपुरात दर उन्हाळ्यात शॉक लागून माणसं जातात, पेपरात चार ओळी येतात, आपण पान उलटतो. त्यातल्या एखाद्या बातमीत कूलरचं नाव आलं असेल आणि कोपऱ्यात माझी पेटी असेल, हे माझ्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आलं.

नवा ट्रान्सफॉर्मर आणून घातला. हिरवी तार जोडली. मशीन लावली तर घूं धो धो परत आला. बाई म्हणाल्या, "हे तर माझ्या आधीच्या मशीनसारखं झालं. घुमत नाही म्हणून तर मी तुमच्याकडून घेतली होती."

काकाजी म्हणाले, "बस. आता शोध."

शोधायला दुपार गेली. घरातली एकेक वस्तू काढत गेलो. टीव्हीची केबल काढली तसा घूं निम्मा झाला. केबलवाल्याची तार गच्चीवरून दुसरीच जमीन घेऊन घरात आली होती, आणि टीव्हीचा आवाज मशीनला जोडलेला. सगळं एका बोर्डावर आणलं, पेटीच्या आतल्या जमिनीच्या तारा एका स्क्रूला बांधल्या. काकाजी पाटावरून सांगत होते आणि मी, साठी उलटलेला माणूस, बायकांच्या देखत वाकून करत होतो. शेवटी स्पीकरला अगदी कान लावला तरच एक बारीक घूं ऐकू यायचा.

"एवढाही घालवून टाका ना काकाजी," बाई म्हणाल्या.

"राहू दे वं. जिवंत आहे, कळते."

त्यानंतर मी माझ्या पेट्या शोधायला निघालो. मी वही ठेवत नाही, चेहरे लक्षात ठेवतो. काकाजी स्कूटरवर मागं बसायचे, उलटा हात माझ्या पाठीला टेकवून. सगळ्या रस्त्यानं तो हात मला जाणवायचा. लोक हसायचे, काही चिडायचे. चांगली चाललेली मशीन काहून खोलून राहिले? तार जोडली की घुमायला लागायची, मग शोधायचं, मग थोडा ठेवायचा. लोक म्हणायचे, म्हातारा झाला, हात गेला याचा. नवीन गिऱ्हाईक येईना. दुकान त्यातच बसलं. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी लिहिणार नाही.

एक सोडून सगळ्या सापडल्या. ती एक मोटारसायकलवर आलेल्या माणसाला दिली होती. सोबत बायको, तिनं पेटी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती. सावनेरकडं जायचं म्हणाले एवढं आठवतं. त्या माणसानं घेताना स्पीकरला बराच वेळ कान लावला होता. मग उठून हसला आणि बायकोला म्हणाला, "पाह्य, काहीच नाही येत."

मी सावनेरच्या बाजारात विचारलं, डेकोरेशनवाल्यांकडं विचारलं, आजूबाजूच्या खेड्यांत भजनी मंडळांना विचारलं. नाही.

काकाजी त्या थंडीत आजारी पडले. मुलगी येऊन राहिली होती. तिनं त्यांचा स्पीकर बंद केला होता आणि खोलीतल्या त्या शांततेची मला जास्त भीती वाटली. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "थे एक सापडली?"

मरणाऱ्या माणसाला शांत जाऊ द्यावं असं मला वाटलं. मी म्हटलं, "सापडली. सावनेरकडं होती. एका मास्तराकडं."

"जोडली?"

"जोडली."

"किती ठेवला?"

"थोडासा."

"कसा? करून दाखव."

मला वाटलं भ्रमात बोलतायत. पण ते थांबून राहिले. मग मी तोंड मिटून घशातून आवाज काढला, बारीक. त्यांनी हात उचलला, मागची बाजू माझ्या गळ्याला लावली आणि ऐकत राहिले. मुलगी दारातून बघत होती. मला थांबता येईना. श्वास संपला तेव्हा थांबलो.

"हा तर तुह्या दुकानातला आहे," म्हणाले. "मागच्या भिंतीच्या बोर्डाचा."

हात काढून घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवसांनी ते गेले. त्या दोन दिवसांत मी रोज गेलो. माझ्याशी बोलले नाहीत.

म्हणून हे लिहायला बसलो. लिहिणं माझं काम नाही, नातीनं अक्षरं दुरुस्त केली आहेत, मजकुराला हात लावू दिला नाही. पेटी काळ्या पत्र्याची आहे, समोर दोन पितळी बटनं, त्यातलं डावं जरा ढिलं. मोटारसायकलवर, टॉवेलात गुंडाळून, नागपूरहून नेलेली. कदाचित पुढं कोणाला विकली असेल, कोणाच्या देवळात, कोणाच्या शाळेत असेल. तुमच्याकडं असेल तर तिला हात लावू नका. आधी भिंतीवरचं बटन बंद करा, पाय कोरडे ठेवा, मग प्लग काढा. प्लगचं झाकण उघडलं तर आत हिरवी तार कापलेली दिसेल, टोकाला काळी टेप. ती मी कापली. महालात अँप्लिफायरवाल्या म्हाताऱ्याचं घर कोणीही दाखवेल. मी येईन, कितीही लांब असो, आणि जोडून देईन.

आणि पेटी ओळखता येत नसेल, रंग दिला असेल, बटनं बदलली असतील, तर एवढंच करा. गाणं बंद करा आणि लांब उभं राहून ऐका. बारीकसाही घूं येत असेल तर ती दुसऱ्या कोणाची आहे, खुशाल वाजवा. काहीच ऐकू आलं नाही, तर ती माझी.